गालिबची एक गझल, सुटी करून

उर्दू येत नाही म्हणून गालिब कळत नाही, असं सांगणाऱ्यालाही ‘हजारों ख्वाहिशें ऐसी’ ही ओळ पाठ असते. तिच्यातले शब्द हिंदी गाण्यांमुळे मराठी कानाला सवयीचेच आहेत. अडतं ते शब्दांपाशी कमी आणि गझलेची बांधणी ठाऊक नसल्यामुळे जास्त. दुसरी अडचण याहून मोठी. गालिबचं आयुष्य असं आहे (सात मुलं तान्हेपणी गेली, तुरुंगवास झाला, डोळ्यांदेखत दिल्ली उजाड झाली) की प्रत्येक शेर त्यातल्या कुठल्या तरी प्रसंगाला चिकटवायचा मोह होतो. हा मोह बहुतेक वेळा फसवतो. म्हणून आधी ही एकच गझल सुटी करून पाहू आणि मग आयुष्याकडे वळू.

मतला असा:

हजारों ख्वाहिशें ऐसी कि हर ख्वाहिश पे दम निकले
बहुत निकले मिरे अरमान लेकिन फिर भी कम निकले

दोन ओळींची ही जोडी म्हणजे शेर. ओळीला मिसरा म्हणतात. पहिली ओळ उला मिसरा, दुसरी सानी मिसरा. दोन्ही ओळींच्या शेवटी ‘निकले’ जसंच्या तसं आलंय, तो रदीफ. त्याच्या लगेच आधी ‘दम’ आणि ‘कम’, तो काफिया, म्हणजे यमक. गझलेच्या पहिल्या शेरात, मतल्यात, दोन्ही मिसऱ्यांना काफिया आणि रदीफ सांभाळावे लागतात. पुढे प्रत्येक शेराचा फक्त सानी मिसरा या बंधनात असतो, उला मोकळा. मराठी गझलकार आणखी एक गोष्ट आवर्जून तपासतात, ती अलामत: काफियातल्या न बदलणाऱ्या अक्षराआधीचा स्वर. इथे ‘म’च्या आधी ‘अ’ आहे. त्यामुळे हम, कलम, दम-ब-दम, पेच-ओ-खम चालतात. ‘काम’ किंवा ‘नाम’ आणलं तर शेर बाद, कारण तिथे ‘आ’ येतो.

काफिया, रदीफ आणि बहर म्हणजे वृत्त, ही तीन ठरली की गझलेची जमीन ठरते. एकाच जमिनीत अनेक शायर लिहायचे. मुशायऱ्यासाठी आधी एक मिसरा दिला जाई आणि सगळे त्याच जमिनीत गझल करून आणत. याचा एक परिणाम आजही भोवतो, त्याच्याकडे पुढे येऊच.

रदीफ हे केवळ शेपूट असतं असं वाटत असेल तर ही गझल नीट पाहावी. मतल्यात ‘दम निकले’ म्हणजे जीव जावा. ‘अरमान निकले’ म्हणजे हौस पुरी झाली. पुढे कोणी गल्लीतून निघतो, कोणी घरातून निघतो, डोळ्यांतून रक्त निघतं, केसांतला पीळ निघतो. क्रियापद तेच, काम दर वेळी निराळं. चांगला रदीफ शायराला असं काम पुरवतो. वाईट रदीफ ओळीच्या शेवटी नुसता लोंबत राहतो, आणि नवशिक्या गझलांमध्ये पहिला दोष सापडतो तो हाच. रदीफ खोडून पाहावा. तरीही ओळीचा अर्थ शाबूत राहिला तर तो रदीफ फुकट गेला.

आता बहर. ही ओळ अशी तुटते:

ह-जा-रों-ख्वा / हि-शें-ऐ-सी / कि-हर-ख्वा-हिश / पे-दम-निक-ले

लघु, गुरु, गुरु, गुरु. असे चार तुकडे: लगागागा लगागागा लगागागा लगागागा. उर्दूत ही हजज नावाची बहर आणि मराठीत हेच वियद्गंगा वृत्त. फारसी-उर्दू बहरी मराठीत आणण्याचं आणि त्यांना मराठी नावं देण्याचं मोठं काम माधव जूलियनांनी केलं. पुढे सुरेश भटांच्या ‘गझलेची बाराखडी’ने नियम घरोघरी पोचवले. त्यामुळे मराठी वाचकाला गालिबच्या बहरी तशा ओळखीच्याच आहेत.

पण मोजताना मराठी वाचक एका ठरावीक जागी चुकतो. वर चौथ्या तुकड्यात ‘पे’ लघु धरलाय. मराठीच्या हिशेबाने एकार नेहमी गुरू, मग गालिब वृत्तात चुकला की काय? चुकला नाही. उर्दूत शब्दाच्या शेवटचा दीर्घ स्वर बहरीच्या गरजेप्रमाणे आखूड उच्चारायची मुभा आहे. पे, से, का, की, भी, है हे तर सतत आखूड होतात. दुसरी ओळ मोजली की ते आणखी स्पष्ट होतं:

ब-हुत-निक-ले / मि-रे-अर-मा / न-ले-किन-फिर / भी-कम-निक-ले

इथे तीन गोष्टी झाल्या. ‘मेरे’चं ‘मिरे’ झालं, कारण त्या जागी लघु हवा होता. छापताना कोणी ‘सुधारून’ मेरे केलं तर ओळ तिथेच मोडते, आणि देवनागरी पुस्तकांत असं सर्रास होतं. ‘अरमान’मधला शेवटचा ‘न’ सुटा होऊन पुढच्या तुकड्याची सुरुवात झाला. आणि ‘भी’ आखूड झाली. मोजणी कागदावरच्या अक्षरांची करायची नसते, उच्चाराची करायची असते.

‘चश्म-ए-तर’सारख्या रचनेत मधला ‘ए’ हा फारसी जोड, इजाफत. क्रम उलटा लावायचा: तर चश्म, ओला डोळा. वाचताना तीन तुकडे करून म्हटलं की ओळ ठेचकाळते. ‘चश्मे तर’ असं सलग म्हणायचं. याच गझलेत ‘तुर्रा-ए-पुर-पेच-ओ-खम’ अशी लांबलचक रचना येते. घाबरायचं कारण नाही. वळणावळणांची बट, एवढंच. त्या बटेचे पीळ निघाले तर तुझ्या उंचीचा भरम खुलेल, असं तिथे म्हटलंय. सरळ झालेले केस तुझ्यापेक्षा लांब भरतील. शेर गमतीचा आहे, पण अवजड शब्दांमुळे लोक तो गंभीर चेहऱ्याने वाचतात.

आता दोन ओळींमधली जागा. गालिबची खरी कारागिरी तिथे आहे.

निकलना खुल्द से आदम का सुनते आए हैं लेकिन
बहुत बे-आबरू हो कर तिरे कूचे से हम निकले

स्वर्गातून आदमला घालवून दिलं हे ऐकत आलोय, पण तुझ्या गल्लीतून आम्ही त्याहून बेअब्रू होऊन निघालो. पहिली ओळ धर्मग्रंथातली, दुसरी मोहल्ल्यातली. मुशायऱ्यात पहिली ओळ दोनदा-तीनदा म्हणतात, ऐकणारे ती परत उचलतात, आणि दुसऱ्या ओळीला मुद्दाम उशीर केला जातो. ‘लेकिन’वर पहिली ओळ टांगलेली ठेवलीय, ती या उशिरासाठीच. मोबाइलच्या पडद्यावर दोन्ही ओळी एका नजरेत वाचल्या की हा सगळा खेळ हातचा जातो. म्हणून पहिली ओळ वाचून थांबावं. पुढे काय येईल याचा अंदाज बांधावा. मग दुसरी.

आणखी एक, तितका न गाजलेला:

मगर लिखवाए कोई उस को खत तो हम से लिखवाए
हुई सुब्ह और घर से कान पर रख कर कलम निकले

तिला पाठवायचं पत्र कोणाला लिहून घ्यायचं असेल तर आमच्याकडून घ्यावं. सकाळ झाली की कानावर कलम खोचून आम्ही घराबाहेर. म्हणजे हा प्रेमिक बाजारातला पत्रलेखनिक झालाय. का? तिला कोण कोण पत्रं पाठवतं हे कळावं म्हणून, की निदान दुसऱ्याच्या नावाने तरी तिला लिहायला मिळावं म्हणून? गालिब सांगत नाही. ‘कलम’ हा काफिया अगदी शेवटी येतो आणि तोवर कानावर काय ठेवलंय ते कळत नाही. शेरातलं ठळक चित्र शेवटच्या दोन शब्दांपर्यंत दडवून ठेवणं हे गालिबचं नेहमीचं कसब.

शेवटचा शेर मक्ता. त्यात शायराचं टोपणनाव, तखल्लुस येतं:

कहाँ मय-खाने का दरवाजा ‘गालिब’ और कहाँ वाइज
पर इतना जानते हैं कल वो जाता था कि हम निकले

कुठे दारूच्या गुत्त्याचं दार आणि कुठे प्रवचनकार महाराज! पण एवढं ठाऊक आहे की काल ते आत जात होते तेव्हा आम्ही बाहेर पडत होतो. आरोप कुठेच केलेला नाही. साक्षीदारही तिथूनच बाहेर पडलेला, त्यामुळे साक्षीची किंमत काय ते ऐकणाऱ्याने ठरवावं.

हे सगळे शेर एकमेकांशी जोडलेले नाहीत. पहिल्यात इच्छा, मग आदम, मग पत्रलेखनिक, मग गुत्ता. गझलेत प्रत्येक शेर स्वतंत्र उभा असतो आणि त्यांना बांधतात फक्त बहर, काफिया आणि रदीफ. ‘या गझलेचा विषय काय?’ असं विचारत बसलं की गोंधळ वाढतो. गायक चार शेर निवडतात, उरलेले सोडतात, तरी गझल लंगडी होत नाही ती याचमुळे.

आणि याचमुळे भेसळही सोपी होते. ही गझल गाताना अनेकदा एक शेर जोडला जातो: खुदाच्या वास्ते काब्याचा पडदा उचलू नकोस, तिथेही तोच ‘काफिर सनम’ निघायचा. जमीन तंतोतंत तीच. पण गालिबच्या दीवानात, म्हणजे कवितासंग्रहात, तो नाही. बहादुरशहा जफरचा म्हणून तो ओळखला जातो. निदान तो दर्जेदार तरी आहे. समाजमाध्यमांवर फिरणारी ‘उम्र भर गालिब यही भूल करता रहा / धूल चेहरे पर थी, आईना साफ करता रहा’ ही जोडी मात्र गालिबच्या नावावर घालणं म्हणजे कहर. हे ओळखायला विद्वान असावं लागत नाही. दोन्ही ओळी ‘करता रहा’वर संपतात, म्हणजे तो रदीफ धरायचा. त्याआधी एका ओळीत ‘भूल’, दुसरीत ‘साफ’. यमक कुठेय? शिवाय ओळी मोजायला घेतल्या तर एका मापाच्याही नाहीत. काफिया नसलेला मतला गालिबने लिहिला असेल, हे शक्यच नाही. कुठलाही संशयास्पद शेर समोर आला की आधी रदीफ, मग काफिया, मग माप, या क्रमाने तपासावं. बहुतेक खोटे शेर दुसऱ्या पायरीवरच गळतात. या तिन्हींतून पार पडला तर मग दीवान उघडायचा.

आता आयुष्य. मिर्झा असदुल्ला बेग खान, जन्म आग्रा, 27 डिसेंबर 1797. सुरुवातीचं तखल्लुस ‘असद’, नंतर ‘गालिब’. वडील अब्दुल्ला बेग लढाईत मारले गेले तेव्हा मुलगा पाचेक वर्षांचा. काका नसरुल्ला बेग यांनी सांभाळलं. हे काका मराठ्यांच्या, म्हणजे शिंद्यांच्या बाजूने आग्र्याचे सुभेदार होते, आणि 1803मध्ये लॉर्ड लेकच्या फौजा आल्यावर इंग्रजांकडे गेले. 1806मध्ये हत्तीवरून पडून तेही वारले. त्यांच्या कुटुंबाला इंग्रजांनी नेमणूक, म्हणजे पेन्शन, बांधून दिली आणि ती द्यायची जबाबदारी फिरोजपूर झिरक्याच्या नवाबावर टाकली. गालिबच्या उभ्या आयुष्याचा हिशेब या एका कागदातून निघतो, त्यामुळे आकडे बघायला हवेत.

मे 1806च्या आदेशात रक्कम होती वर्षाला 10,000 रुपये. महिनाभरात दुसरा कागद निघाला, त्यात 5,000. त्यातले 2,000 ख्वाजा हाजी नावाच्या माणसाला, ज्याला गालिब घरचा मानतच नव्हता. 1,500 आजी आणि आत्यांना. उरलेले 1,500 गालिब आणि धाकटा भाऊ युसुफ या दोघांत. म्हणजे गालिबच्या वाट्याला वर्षाला 750, महिन्याला 62 रुपये 8 आणे. तेराव्या वर्षी उमराव बेगमशी लग्न, मग दिल्लीत बिऱ्हाड, घोडा-पालखीची खानदानी राहणी, परदेशी दारू, आणि हातात 62 रुपये 8 आणे. कर्ज झालं नसतं तरच नवल.

गालिबचं म्हणणं, दुसरा कागद बनावट आहे. दिल्लीत दाद लागेना म्हणून तो लखनौ, बनारस करत कलकत्त्याला गेला, फेब्रुवारी 1828मध्ये पोचला आणि कंपनी सरकारकडे अर्ज केला. वादग्रस्त कागद खरा की खोटा हे ठरवायला तो मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांच्याकडे धाडला गेला, कारण ते पूर्वी लेकच्या हाताखाली काम केलेले. त्यांनी कागद खरा ठरवला आणि 1831मध्ये दावा फेटाळला गेला. गालिब त्यानंतरही वर्षानुवर्षं अर्ज करत राहिला. 1835मध्ये त्या नवाबाचा मुलगा आणि वारस शम्सुद्दीन, दिल्लीतला इंग्रज अधिकारी विल्यम फ्रेझर याच्या खुनाबद्दल फाशी गेला आणि नेमणूक थेट सरकारी खजिन्यातून मिळू लागली, पण रक्कम तीच राहिली.

आता तो मोह. दीवानाचा पहिलाच शेर:

नक्श फरियादी है किस की शोखी-ए-तहरीर का
कागजी है पैरहन हर पैकर-ए-तस्वीर का

चित्रातली प्रत्येक आकृती कागदाचे कपडे घालून उभी आहे. ती कोणाच्या खोडकर लेखणीविरुद्ध फिर्याद करतेय? गालिबने स्वतः एका पत्रात उलगडा केलाय: इराणात फिर्यादी कागदी कपडे घालून राजापुढे जायचा, असा रिवाज. हे वाचल्यावर कोणालाही वाटेल की जन्मभर अर्ज घेऊन फिरलेल्या माणसाने स्वतःचीच व्यथा लिहिली. चांगली गोष्ट आहे, फक्त खोटी. हा शेर 1821च्या हस्तलिखितात आहे. कलकत्त्याच्या अर्जाला तेव्हा सात वर्षं अवकाश होता. विशीतल्या मुलाने फारसी कवितेत रुळलेली प्रतिमा उचलली आणि तिच्यावर थेट निर्मात्याबद्दलची तक्रार चढवली, एवढंच. (वृत्त इथे देवप्रिया: गालगागा तीनदा आणि शेवटी गालगा. ‘फरियादी’ म्हणताना ‘फर्यादी’ म्हणायचं, तरच बसतं.)

ही तारखांची गल्लत नेहमीची आहे. गालिबच्या उर्दू गझलांचा मोठा भाग पंचविशीच्या आतला आहे. त्यानंतर दीर्घकाळ तो मुख्यतः फारसीत लिहीत होता आणि आपली खरी कमाई फारसी आहे असंच मानत होता. उर्दू लेखनाला पुन्हा मोठी भरती आली ती 1850च्या आसपास, दरबाराशी संबंध जुळल्यावर. 1841मध्ये पहिल्यांदा छापलेल्या उर्दू दीवानात सुमारे 1,100 शेर होते, अखेरच्या आवृत्त्यांत सुमारे 1,800. जुन्यातले कितीतरी त्याने स्वतःच गाळले. फारसी कवी बेदिलच्या वळणाचे ते शेर पुढे त्यालाच जड वाटू लागले होते. ते 1821चं हस्तलिखित भोपाळला सापडलं आणि 1921मध्ये छापलं गेलं, तेव्हा कुठे गाळलेलं काय होतं ते लोकांना दिसलं.

मग गालिबच्या कवितेत त्याचं आयुष्य येतच नाही का? येतं, आणि जिथे आणायचं असतं तिथे तो ते उघडपणे, नाव-गाव घालून आणतो. 1852मध्ये पत्नीचा भाचा आरिफ, ज्याला मुलासारखं वाढवलं, तो तरुणपणी गेला. ‘तन्हा गए क्यूँ अब रहो तन्हा कोई दिन और’ ही रचना त्याच्यावरचा शोक आहे. आकार गझलेचा आहे, पण आत आरिफचं नाव आहे आणि जवळजवळ सगळे शेर एकाच माणसाशी बोलतात. तसाच पगाराचा अर्ज. 1850मध्ये बहादुरशहाने तैमूर घराण्याचा इतिहास फारसीत लिहायला महिना 50 रुपयांवर त्याला नेमलं, पण पैसे मिळत सहा महिन्यांनी एकदा. गालिबने पद्यात अर्ज ठोकला:

रस्म है मुर्दे की छ-माही एक
खल्क का है इसी चलन पे मदार
मुझ को देखो तो हूँ ब-कैद-ए-हयात
और छ-माही हो साल में दो बार

मेलेल्याचा सहामाही विधी एकदाच होतो, हीच जगाची रीत. मी तर जिवंत आहे आणि माझी सहामाही वर्षातून दोनदा! याच अर्जात तो सांगतो की पगारातला तिसरा हिस्सा सावकार व्याजापोटी नेतो. पगार महिन्याच्या महिन्याला द्या, जगणं कठीण झालंय. हा प्रकार कितआ, म्हणजे सलग अर्थाचे शेर. गझलेत तो हे लिहिणार नाही. रचनेचा प्रकार बघितला की चरित्र शोधायचं की नाही याचं अर्धं उत्तर मिळून जातं.

बाकीचे टप्पे भराभर. 1842मध्ये दिल्ली कॉलेजात फारसी शिकवायची नोकरी समोर आली. साहेब दारापर्यंत स्वागताला आला नाही म्हणून पालखी परत फिरवली, असं सांगतात. 1847मध्ये घरी जुगार चालवल्याच्या आरोपावरून सहा महिन्यांची शिक्षा आणि 200 रुपये दंड. तीन महिन्यांनी सुटका. 1854मध्ये बादशहाचे काव्यगुरू जौक वारले आणि गालिब बादशहाचा उस्ताद झाला. तीन वर्षांत बादशाहीच संपली. 1857मध्ये तो बल्लीमारानमधल्या घरीच राहिला. गल्लीत पतियाळाच्या महाराजांच्या पदरचे हकीम राहत, महाराजांचे शिपाई पहाऱ्याला होते, त्यामुळे लूट टळली. भाऊ युसुफ त्याच ऑक्टोबरमध्ये गेला. त्या दिवसांची फारसी नोंदवही ‘दस्तंबू’ 1858मध्ये आग्र्याला छापली. ती वाचताना लक्षात ठेवावं की ती इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती पडावी म्हणून छापली होती. पेन्शन तोवर बंद झालेली. ती मे 1860मध्ये पुन्हा सुरू झाली, तीन वर्षांची थकबाकी 2,250 रुपये. भागून बघा, वर्षाला 750च. मधल्या काळात, जुलै 1859पासून, रामपूरच्या नवाबाने महिना 100 रुपये सुरू केले होते आणि शेवटपर्यंत घर चाललं ते मुख्यतः त्यावर. 15 फेब्रुवारी 1869ला दिल्लीत मृत्यू, कबर निजामुद्दीनला.

ज्याला गालिब हा माणूस हवाय त्याने पत्रं वाचावीत. ‘ऊद-ए-हिंदी’ 1868मध्ये आणि ‘उर्दू-ए-मुअल्ला’ 1869मध्ये निघालं. आपण पत्रव्यवहाराचा संवाद करून टाकला, असं त्याने स्वतः लिहिलंय, आणि ते खरं आहे. त्या काळच्या पत्रांत पानभर मायने आणि पदव्या असत. गालिब थेट ‘मियाँ’, ‘भाई’, ‘साहब’ म्हणून सुरुवात करतो. कोण मेलं, कुठली हवेली पाडली, विहिरीचं पाणी खारट झालं, पाऊस छतातून कसा गळतोय, आंबे किती आले आणि किती सडले, औषध काय चालू आहे, कोणाचा हप्ता राहिलाय, सगळं. मधेच शिष्याच्या गझलेवर इस्लाह: अमुक शब्द काढ, तमुक घाल, हा शेर राहू दे, हा बाद. हरगोपाल तफ्ता हा त्याचा लाडका शिष्य. त्याला लिहिलेल्या पत्रांत कवितेची तांत्रिक चर्चा आणि पैशांची चणचण शेजारी शेजारी बसलेली दिसतात. पत्रांची भाषा बोलती आहे. देवनागरीत ती वाचायला मराठी माणसाला गझलेपेक्षा खूप सोपी जातात.

शिष्य हाली यांनी 1897मध्ये लिहिलेलं ‘यादगार-ए-गालिब’ हे चरित्रही महत्त्वाचं. इंग्रज कर्नलने ‘मुसलमान आहेस का?’ विचारल्यावर ‘अर्धा, दारू पितो, डुक्कर खात नाही’ असं गालिबने दिलेलं उत्तर आपल्यापर्यंत आलं ते याच पुस्तकामुळे. हालींचं प्रेम गुरूवर आहे, त्यामुळे प्रसंग थोडे घासूनपुसून येतात. पण शेरांचा अर्थ लावण्यात त्यांच्याइतका भरवशाचा माणूस नाही. उदाहरणार्थ:

कोई वीरानी सी वीरानी है
दश्त को देख के घर याद आया

हे रान इतकं भकास आहे की घरच्या सुखाची आठवण झाली, हा पहिला अर्थ. रान बघितलं आणि वाटलं, असंच भकास तर आपलं घर आहे, हा दुसरा. दोन्ही अर्थ हालींनी नोंदवलेत. यातला ‘खरा’ कोणता असं विचारू नये. शेर दोन्हीकडे उघडेल असाच रचलाय, आणि गालिबच्या दीवानात अशा जागा जागोजाग आहेत. शेर पटकन कळला असं वाटलं तर एकदा उलटा वाचून बघावा.

सुरुवात कुठून करायची? पहिल्या पानापासून नको. दीवान रदीफच्या शेवटच्या अक्षरानुसार लावलेला असतो, काळानुसार नाही. त्यामुळे पहिल्याच पानावर विशीतला सर्वांत अवघड गालिब भेटतो आणि माणूस पुस्तक मिटतो. छोट्या बहरीच्या गझला आधी घ्याव्यात: ‘दिल-ए-नादाँ तुझे हुआ क्या है’, ‘कोई उम्मीद बर नहीं आती’. यांतला प्रत्येक मिसरा श्वासात बसतो, इजाफती कमी. मग ‘हजारों ख्वाहिशें’, ‘आह को चाहिए’. देवनागरी आवृत्ती घेताना ‘मिरे’, ‘तिरे’, ‘याँ’, ‘वाँ’ असे आखूड उच्चार जसेच्या तसे छापलेत का ते दोन-चार पानांवर तपासावं. सगळीकडे ‘मेरे’, ‘यहाँ’ दिसलं तर ती प्रत परत ठेवावी. तळटिपांत नुसते शब्दार्थ असतील तर चालेल, ‘हा शेर अमुक प्रसंगी सुचला’ अशा टिपा असतील तर जपून. आणि मोठ्याने वाचावं, ओळीनंतर थांबून. ‘नक्श फरियादी’ला सगळ्यांत शेवटी हात घालावा, पत्रं निम्मी वाचून झाल्यावर.